काका, पॉजचं बटण दाबू दिलंत म्हणून

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या व्हिडिओ लायब्ररीच्या बाकड्यावर बसून मोठा झालेला मी एकटा नाही, आणि सांगलीतली त्या वेळची पोरं हे वाचून तुम्हाला लगेच ओळखतील.

1988 ची दिवाळीची सुट्टी होती. मी दहावीत. तुमच्या एका गिऱ्हाइकाच्या भावाने अमेरिकेहून कॅसेट पाठवली होती, तिथल्या एमटीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. आपल्या व्हीसीआरवर लावली तर चित्र काळं-पांढरं, आणि नुसतं खालून वर पळणारं. ती एनटीएससी म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीची, आपलं यंत्र पाल म्हणजे इथल्या पद्धतीचं. सगळे हळहळून घरी गेले. तुम्ही मात्र ती कॅसेट मुंबईला नेलीत आणि पदरचे पैसे घालून पालवर उतरवून आणलीत. मधल्या जाहिरातींसकट. आम्ही त्या जाहिरातीही डोळे फाडून बघितल्या.

आणि मग पीटर गॅब्रिएल या गायकाचं ‘स्लेजहॅमर’ लागलं. माणसाचा चेहरा निळा होतो आणि त्यावरून ढग सरकतात. डोक्याभोवती खेळण्यातली आगगाडी फिरते. फळांचा चेहरा होतो. मुंडकी नसलेल्या, सोललेल्या दोन कोंबड्या चक्क नाचतात. मी विचारलं, “काका, हे कॉम्प्युटरवर केलंय?” तुम्ही रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “थांबव आणि बघ.”

दुकानात तुमच्याच अक्षरात पाटी होती: ‘कॅसेट पॉज करू नये.’ पॉजवर व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड एकाच जागी घासत राहतं, टेप झिजते, हे तुम्हीच सगळ्यांना बजावायचात. ती पाटी माझ्यापुरती तुम्ही विसरलात. एकेक चित्र पुढे सरकवत मी आगगाडीमागे गेलो. पडद्यावर पांढरी रेघ थरथरायची, तिच्या वरचं आणि खालचं डोळे बारीक करून बघायचं. प्रत्येक चित्रात गाडी जराशी पुढे, आणि तेवढ्यात त्या माणसाचे केसही किंचित हललेले. तेव्हा कळलं, हे कुणीतरी हातांनी केलंय. गाडी सरकवलीय, एक चित्र घेतलंय, पुन्हा सरकवलीय. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, हा हिशोब तुम्ही पावतीच्या मागे करून दाखवलात.

बाकीचं मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. गॅब्रिएल त्यासाठी 16 तास काचेखाली पडून होता. दिग्दर्शक स्टीफन जॉन्सन. अ‍ॅनिमेशनचं काम ब्रदर्स क्वे ही भावांची जोडी आणि ब्रिस्टलचा आर्डमन स्टुडिओ यांचं. कोंबड्या नाचवल्या त्या निक पार्कने, ज्याचे वॉलेस आणि ग्रोमिट हे मातीचे बाहुले पुढे जगाला माहीत झाले. 1987 मध्ये त्या व्हिडिओला एमटीव्हीची 9 पारितोषिकं मिळाली. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण थांबवून बघावं असं त्यात काहीतरी आहे, एवढं तुम्ही ओळखलंत.

त्याच कॅसेटवर आ-हा या बँडचं ‘टेक ऑन मी’ही होतं, पेन्सिलीच्या रेघांतून माणूस बाहेर येणारं. तेही सुमारे 3000 चित्रं हाताने काढून केलेलं. मायकल जॅक्सनचं ‘बॅड’ होतं. उरलेल्या बऱ्याच बँडांचं म्हणजे फुगवलेले केस आणि धूर. ते मला तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही.

बाबांना वाटलं, दहावीच्या वर्षात पोरगं इंग्रजी गाण्यांच्या नादी लागलं. ते घरी फार तापले होते. तेव्हा तुम्ही न बोलावता घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, “तो गाणी ऐकत नाही हो, चित्रं मोजतोय. मोजू द्या.” बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण रविवारचे दोन तास मला मिळाले. ते दोन तास तुम्ही कधी भाड्यात धरले नाहीत.

पुढे केबल आली, एमटीव्ही घरातच दिसायला लागलं आणि तुमच्या दुकानाचं शटर खाली आलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, नीट निरोपही घेतला नाही. ते मनाला लागून आहे. आज तीस वर्षं मी एडिटिंगचं काम करतो. रोज एकेक चित्र मागे-पुढे करून कुठे कापायचं ते ठरवतो, आणि हात अजून तुमच्या दुकानात शिकले तसेच चालतात. काका, मनापासून आभार. हे तीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

येत्या रविवारी सांगलीला येतोय. लॅपटॉपवर ‘स्लेजहॅमर’ घेऊन येतो, स्वच्छ प्रत मिळाली आहे, ती पांढरी रेघ नसलेली. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं. हरकत नाही, आगगाडीपाशी आपण थांबवूनच बघू.

तुमचा,
बाकड्यावरचा मुलगा