आषाढी झाली की पुण्याला या

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, पाहू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई मी जेवले का एवढेच विचारते, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. आधीच सांगते, की निर्णय मी घेतला आहे. आषाढी झाली की तुम्ही दोघांनी पुण्याला यायचे, बाबांच्या हिपॅटायटिस सीच्या गोळ्या इथे सुरू होतील आणि बारा आठवडे तुम्ही माझ्याकडे राहाल. तुम्हाला न विचारता ठरवले याचे वाईट वाटून घेऊ नका. भाऊकाकांच्या वेळी आपण सगळ्यांचे ऐकत बसलो आणि तोवर काय झाले, ते आपल्या घरात कोणालाही पुन्हा सांगण्याची गरज नाही.

बाबा, तुमचे म्हणणे मला पाठ आहे. त्रास काहीच नाही, मग गोळ्या कशाला. त्यापेक्षा भुईआवळीचा रस आणि गुळवेलीचा काढा घेऊन पाहू. मी सहावीत असताना मला कावीळ झाली होती, तेव्हा तुम्ही पहाटे मला सायकलच्या नळीवर बसवून औषध द्यायला नेत होता. तुमच्या स्वेटरला गुरांच्या गोठ्याचा वास यायचा आणि थंडी लागू नये म्हणून तुम्ही माझे दोन्ही हात एका हाताने झाकून धरायचे. मी बरी झाले, आणि तेव्हापासून त्या औषधावर तुमची श्रद्धा बसली. ती श्रद्धा मला मोडायची नाही. पण लहान मुलांना होणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस एची असते आणि ती जवळजवळ नेहमी आपोआप उतरते. औषध कोणतेही घेतले तरी श्रेय औषधाला जाते. तुमच्या अंगातला विषाणू त्या जातीचा नाही. तो एकदा ठाण मांडून बसला की वर्षानुवर्षे यकृतात राहतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि हळूहळू तिथे व्रणांचे जाळे विणत जातो. १९८७ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातानंतर तुम्हाला रक्त चढवले, तेव्हा हा विषाणू जगात कोणाला ओळखूच आलेला नव्हता. तो १९८९ मध्ये सापडला. त्यामुळे रक्त कोणाचे होते आणि कोणी आणले होते, याचा विचार आईने आता सोडून द्यावा.

इतके दिवस तुम्ही नातेवाइकांना सांगत आलात, की आमची ताई औषधांचे कागद तपासते. ते काम नेमके काय असते, ते आज सांगते. एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या सगळ्या चाचण्या आम्ही शोधतो, कोणाला औषध आणि कोणाला खोटी गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते का ते पाहतो, मधूनच सोडून गेलेल्यांचे काय झाले ते विचारतो, आणि मगच आकडे एकत्र करतो. बाबा, एका शेतातला एक जोमदार घड पाहून तुम्ही कधी खताचा डोस बदलला नाही. ज्यांची बाग बसली त्यांनी काय टाकले होते, हे तुम्ही आधी विचारायचा. आमचे काम त्याहून वेगळे नाही.

त्याच काट्यावर मी भुईआवळीही तोलली, कारण तुमच्या म्हणण्याला मी हसण्यावारी नेले असे तुम्हाला वाटू नये. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले, की भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण नाहीशी झाली आणि खोटे औषध घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. त्या लेखावर बी विषाणू शोधून नोबेल मिळवलेल्या ब्लुमबर्ग यांचेही नाव होते. निष्कर्ष खरोखरच आशेचा होता. पण नंतर इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसे फळ मिळाले नाही, आणि २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सोळा चाचण्यांचा आढावा घेऊन सांगितले, की खोट्या औषधापेक्षा ती उपयोगी असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही. शिवाय ते सगळे बी विषाणूबद्दल होते आणि तुम्हाला सी आहे. गुळवेलीचे मात्र मी कडक शब्दांत सांगणार आहे. कोरोनाच्या काळात घरोघर काढे सुरू झाले, आणि त्यानंतर मुंबईसह देशातल्या अनेक रुग्णालयांतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आधीच व्रण असलेल्या यकृताला हा धोका अजिबात नको. ओट्याखालची ती बाटली आईने आजच रिकामी करावी.

आता गोळीबद्दल. सोफोस्बुविर आणि वेल्पाटास्विर ही दोन औषधे एकाच गोळीत असतात आणि ती दिवसातून एकदाच घ्यायची. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत ६२४ जणांनी ती घेतली आणि ९९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणू गेला. खोटी गोळी घेतलेल्या ११६ जणांपैकी एकाचाही गेला नाही. आपल्या देशात अधिक आढळणारा आणि बाबांच्या रक्तात सापडलेला तिसरा प्रकार थोडा चिवट आहे. त्यात यश ९५ टक्के आले आणि यकृत व्रणांनी कठीण झालेल्यांत ९१ टक्के. यकृत किती कठीण झाले ते मोजणारा बाबांचा फायब्रोस्कॅन पाहता आपण ९१ चा आकडा धरायचा. मी तुम्हाला ९९ सांगून खूश करू शकले असते, पण तसे करणार नाही.

याच उपचारांवर एक वादही झाला आहे आणि तोही तुम्हाला माझ्याकडूनच कळावा. २०१७ मध्ये कॉक्रेनने १३८ चाचण्या आणि २५ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहून म्हटले, की या गोळ्यांनी रक्तातला विषाणू जातो, पण त्यामुळे माणसाचे आयुष्य वाढते का, हे या चाचण्यांवरून सांगता येत नाही. यकृततज्ज्ञ खूप चिडले. माझ्या मते आकडे मोजण्यात चूक नव्हती. चाचण्याच काही महिन्यांच्या होत्या, आणि या आजाराचे मरण वीस-तीस वर्षांनी येते. पुढे २०१९ मध्ये फ्रान्समधील सुमारे दहा हजार रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्या घेतलेल्यांत मृत्यू सुमारे निम्मे आणि यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. तिथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, म्हणून मी तो पुरावा जरा हात राखूनच स्वीकारते. तरीही तराजू कोणत्या बाजूला झुकतो, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

कॅन्सर हा शब्द तुमच्यासमोर मी आजवर टाळला, कारण भाऊकाकांनंतर आपल्या घरात तो कोणी मोठ्याने उच्चारत नाही. त्यांना शेवटी ज्या गोळ्या दिल्या, त्या सोराफेनिबने मूळ चाचणीत रुग्णांचे मध्यम आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले होते. आता त्याहून चांगली इंजेक्शने आली आहेत, पण तिथवर पोहोचूच नये यासाठी हा सगळा आटापिटा आहे. विषाणू गेला तरी बाबांच्या यकृतावरचे जुने व्रण लगेच जाणार नाहीत, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करायचीच. शांघायमध्ये बी विषाणूच्या जवळपास १९ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत अशा तपासणीने यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले होते. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. हे भीती घालायला लिहीत नाही, बाबा. आताच्या सोनोग्राफीत गाठ नाही, आणि हीच वेळ हातात आहे.

खर्चासाठी शेताकडे पाहू नका. या गोळीतले सोफोस्बुविर २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा त्याच्या एका कोर्सला ८४ हजार डॉलर लागत. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर हा उपचार मोफत आहे.

मग गोळ्या घरी का नाही, असे तुम्ही विचाराल. बाबा रोज सकाळी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात; पोटातले आम्ल कमी झाले की वेल्पाटास्विर नीट शोषले जात नाही, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी लागेल आणि पहिले काही दिवस जळजळ होईल. शिवाय रक्तात जुन्या हिपॅटायटिस बीची खूण दिसली आहे. सीच्या गोळ्यांवर असताना दबलेला बी क्वचित उसळी मारतो, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागेल. हे आपल्या गावाहूनही होऊ शकते, पण माझे मन तिथे लागणार नाही. एवढे माझ्यासाठी करा.

तुमची सोय मी लावली आहे. खोली तळमजल्यावर आहे, खिडकीसमोर कडुलिंब आहे आणि बाबांना पहाटे फिरायला मैदान आहे. आई, ज्वारी-उडदाच्या कळण्याचे पीठ इथे माझ्या मैत्रिणीकडे मिळते, तरी तू दादर ज्वारीचे थोडे दळून आण, म्हणजे भाकरी तुझ्या हातची लागेल. भरिताची वांगी तेवढी इथली पाणचट असतात. श्रावणातल्या कानबाईच्या सणाची काळजी करू नकोस. त्या रविवारी आपण तिघे गाडीने घरी जाऊ, रोट तूच करशील, आणि विसर्जन झाले की परत येऊ. केळीची मृगबाग लागून झाली आहे, कांदेबागेची लागण राजू पाहील, आणि दिवाळी आपल्या ओट्यावरच होईल.

आता मी सांगते तेवढे मुकाट्याने ऐका. आईने बाबांच्या भाजीतली हळद आणि तेल बंद केले आहे, ते पूर्ववत करावे. त्यांना डाळ, दूध, दही आणि झोपण्याआधी थोडे खाणे हवे. एकादशीचा कडक उपास या वर्षी बाबांनी करू नये, विठोबा समजून घेईल. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी बंद. दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा, पण ताट-वाटी वेगळी ठेवू नये. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, आणि आईची तपासणी स्वच्छ आली आहे.

महाराष्ट्र एक्स्प्रेसची भुसावळहून खालच्या बर्थची दोन तिकिटे काढली आहेत, राजू तुम्हाला स्टेशनवर सोडेल. फायब्रोस्कॅनचा कागद, सोनोग्राफीची फिल्म आणि १९८७ चे ते पिवळे पडलेले कागद सगळे एका पिशवीत घालून आईने स्वतःजवळ ठेवावे, बॅगेत टाकू नये.

तुमची,
ताई