रात्री अडीच वाजता दार वाजवणाऱ्या, मैलाशुद्धीकरण केंद्राच्या पंपचालकांस

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला मी मुद्दाम अडीच महिने थांबले. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, आणि तेवढे दिवस सरून गल्लीतले शेवटचे घर निर्धास्त होईपर्यंत आभार मानण्याची घाई करू नये, असे मला वाटत होते. आता ते दिवस सरले आहेत. नदीकडे उतरणाऱ्या आमच्या खालच्या गल्लीत ४२ घरे आहेत आणि त्यांपैकी एकाही घरात कावीळ झालेली नाही. आपले नाव मला ठाऊक असूनही ते येथे लिहिलेले नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

आषाढातील त्या रात्री तीन दिवसांचा पाऊस अंगावर होता आणि वीज संध्याकाळीच गेलेली होती. रात्री अडीचच्या सुमारास कुणी कडी वाजवली. दार उघडले तेव्हा डोक्यावर प्लॅस्टिकचे पोते घेतलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले आपण पायरीखाली उभे होतात. बॅटरीचा उजेड माझ्या डोळ्यांवर पडू नये म्हणून आपण तो जमिनीकडे वळवला होता, एवढे मला स्पष्ट आठवते. आपण म्हणालात, “ताई, सकाळी नळाला येईल ते पाणी कुणी पिऊ नका. आमची विहीर भरून वाहायला लागलीय.” माझी झोप उडेपर्यंत आपण शेजारच्या दाराशी पोहोचलेले होतात.

मैलाशुद्धीकरण केंद्र म्हणजे काय, हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी पुस्तकातील आकृतीपलीकडे मीही गेले नव्हते. गावाचे मैलापाणी उताराने आपल्या पंपघराच्या विहिरीत येते. तेथून पंप ते वर उचलतात, जाळीत कचरा अडतो, वाळू खाली बसते आणि पुढच्या टाक्यांत हवा खेळवून जिवाणूंकडून घाण खाववली जाते. यातले पंप आणि हवा खेळवणे विजेवर चालते. उताराने येणारे पाणी तेवढे विजेवाचूनही येतच राहते. त्यात गावातील कितीतरी घरांनी गच्चीवरच्या पावसाचे पाणी सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले आहे, त्यामुळे पावसाळ्यात ही आवक कित्येक पटींनी वाढते. जनरेटर सुरू झाला नाही, चालू स्थितीतला एकुलता पंपही कचऱ्याने अडला, आणि विहिरीला काठ ओलांडण्यावाचून दुसरी वाट उरली नाही.

ते पाणी आमच्या गल्लीच्या गटारातून नदीकडे गेले, आणि त्याच गटाराखालून आमची पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी जाते. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पहाटे साडेपाचला पाणी येते. मधल्या वेळात वाहिनी रिकामी असते आणि जेथे जोड सैल झालेला असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणजे आपण दार वाजवले तेव्हा आमच्या हाती तीन तास होते. त्या तीन तासांत निरोप घरोघर फिरला, नळाच्या तोट्यांना फडकी बांधली गेली आणि मुलांना झोपेतून उठवून सांगितले गेले. माझ्या शेजारणीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, तिला आठवा महिना होता. या काविळीचा सर्वांत मोठा धोका शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर स्त्रियांना असतो. मुलगी झाली आहे. दोघी खुशाल आहेत.

१९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. काविळीची साथ उफाळली ती डिसेंबर-जानेवारीत, सुमारे २९ हजार माणसांना. आपल्या भागातील माणसांना २०१२ ची इचलकरंजीची साथ आठवत असेलच. रोग दिसतो तेव्हा पाणी पिऊन आठवडे झालेले असतात, म्हणून घाण पाण्याची खबर ज्याला पहिल्यांदा कळते त्याने ती त्याच घटकेला सांगणे, याला पर्याय नाही. आपल्याला तसा हुकूम नव्हता. वरिष्ठांचा फोन लागेपर्यंत थांबला असतात, तरी कुणी आपल्याला बोल लावला नसता.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पहाटे पंप मोकळा करण्यासाठी आपला तरुण मदतनीस विहिरीत उतरायला निघाला होता आणि आपण त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलेत. सडक्या अंड्यासारखा वास येणारा विहिरीतला विषारी वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, आणि वास नाही म्हणून आत उतरलेला माणूस वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. असे मृत्यू तरीही घडतात, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पाणी वाहत होते, लोक ओरडत होते, आणि तरीही आपण साखळी-कप्पी येईपर्यंत थांबलात. त्या मुलाच्या आईच्या वतीनेही हे आभार समजावेत.

वर ओढलेल्या पंपाच्या पात्याभोवती काय गुंडाळलेले होते, ते आपण सकाळी आम्हाला दाखवलेत: हिरव्या साडीचा वीतभर रुंद पीळ, लहान मुलांचे डायपर, नाड्यासकट निर्मात्याचे नाव दिसणारी तांदळाची पिशवी. रागावून आलेली माणसे ते पाहून गप्प झाली. आपण एकही शब्द बोलला नाहीत. त्यानंतर बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी आमच्या सार्वजनिक आडात कसे ओतायचे, हजार लिटरला ५ ग्रॅम हे माप कसे धरायचे, हे आपण शिकवलेत. आशाताईंनी नळाच्या पाण्याची तपासणी केली आणि क्लोरिन असल्याचे दाखवणारा पिवळा रंग गल्लीच्या शेवटच्या नळाच्या नमुन्यातही दिसला, तोवर आपण घरी गेला नव्हतात.

गल्लीतील ४२ घरांच्या सह्यांचा अर्ज आम्ही कार्यालयात दिला आहे. चालू स्थितीतील जनरेटर, राखीव पंप, गटाराखालून जाणारी नळवाहिनी बदलणे आणि केंद्रातील माणसांसाठी वायुमापक व संरक्षक साधने, एवढ्या चार मागण्या त्यात आहेत. ‘गावाला आधी का सांगितले’ असा जाब आपल्याला विचारला गेल्याचे ऐकले, म्हणून अर्जात आणि या पत्रात आपले नाव घातलेले नाही. चौकशी झाल्यास साक्ष द्यायला गल्लीतून माणसे येतील. मी पहिली असेन. गच्चीचे पाणी चेंबरमधून काढून बाहेर सोडण्याचे काम १७ घरांत पूर्ण झाले आहे, उरलेल्यांचे दिवाळीपूर्वी होईल.

बाळाचे बारसे रविवारी आहे. शेजारीण आपल्याला बोलवायला स्वतः येणार आहेत. रात्रपाळी असली तरी संध्याकाळी पाच वाजता सवड काढून सहकुटुंब यावे.

आपली कृतज्ञ,
खालच्या गल्लीतील एक रहिवासी