दप्तराआधी भाडं

चेंबूर, मुंबई

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

यंदाही जूनमध्ये तुमचं मंडळ आमच्या शाळेत दप्तरं वाटणार म्हणतोस. वाटा, पोरं खूश होतात. पण त्यातले निम्मे पैसे दुसरीकडे वळवता येतील का बघ.

शाळेमागची वस्ती झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत गेली. इमारत उभी राहीपर्यंत बिल्डरनं रहिवाशांना भाडं द्यायचं असतं. थोडे दिवस दिलं, मग हात वर केले. मुंबईत हे इतकं बोकाळलं की २०२३ मध्ये झोपु प्राधिकरणानं बिल्डरांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायला लावले. आमची वस्ती त्याआधीच पडलेली!

सातवीतली एक मुलगी आहे. आधी गोवंडी, अकरा महिन्यांचा करार संपला की मानखुर्द, आता थेट ठाण्यापलीकडचं दिवा. दर वेळी नवं डिपॉझिट, दलाली, टेम्पो. हजेरीपटात तिचा पत्ता मी हल्ली पेन्सिलनंच लिहिते. दिव्याहून लोकलनं कुर्ला, तिथून हार्बर. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते, उठवायला जीव होत नाही. परवा तिची आई म्हणाली, "बाई, गर्दीत एकटीला कसं धाडू? नाव काढून टाका."

तिकडच्या शाळेत प्रवेश मिळेल. शिक्षणहक्क कायद्यानं दाखल्यासाठी अडवता येत नाही. पण तो कायदा आठवीपर्यंतच, आणि तिकडची खोलीही अकरा महिन्यांचीच. तिचा नववीतला भाऊ तर कधीच केटररकडे लागला.

म्हणून सुचवते, अशा चार-पाच घरांना शाळेजवळ खोली घ्यायला डिपॉझिट द्या. महिन्याचं भाडं ही माणसं कशीबशी भरतात, अडतं ते एकरकमी पैशापाशी. रक्कम परत आली की पुढच्या घराला फिरवा. करार मात्र जूनपासूनच करायचा, म्हणजे अकरा महिने एप्रिलअखेर संपतात आणि वार्षिक परीक्षा त्याच घरात होते. एखादं डिपॉझिट बुडेलही, ते धरूनच चला. तुमचे खजिनदार विचारतील, फोटो कशाचा काढायचा? त्यांची समजूत तूच काढ.

मे संपायच्या आत कळव, खोल्या बघायला मला वेळ हवा. वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुनंदा