अफवेवर कमाई नको : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर होती. मेलेले लोक भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

ती अफवा पुढे ढकलणाऱ्याला त्यातून एक रुपयाही मिळत नव्हता. आज तीच अफवा व्हिडिओ करून टाकली, तर मिळू शकतो. म्हणून हे पत्र.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने फेसबुकवर पेज काढले होते. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याला विचारून कोणी ना कोणी तिथे लिहायचे, 'उद्या पहाटे चारला सुटणार.' विडी वळणाऱ्या बायका त्यावर आपला दिवस बेतायच्या. कोणाला रक्त हवे, रेशन आले का, कोणाचे आधार कार्ड सापडले, सगळे तिथेच. पेज कमाईला पात्र ठरले आणि पाण्याच्या त्या एका ओळीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ झाला. वेळ अगदी शेवटी, वर 'शेवटपर्यंत पाहा'. पुढे गाडी लावण्यावरून दोन घरांत बोलाचाली झाली, तिला धर्माचा रंग देऊन मथळा लागला. पाण्याच्या बातमीपेक्षा तो व्हिडिओ कितीतरी जास्त पाहिला गेला.

मला जास्त लागले ते दुसरेच. चावीवाल्याकडून वेळ आणणाऱ्या मावशींनी सांगणेच सोडले. म्हणाल्या, "त्याला पैसे मिळतात, मग मी फुकट का सांगू?" त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. इतकी वर्षे कोणी हिशेब मांडला नव्हता. एकाला मोबदला सुरू झाला आणि बाकीच्यांना आपली मदत म्हणजे बिनपगारी काम वाटू लागले.

त्या तरुणाला तरी किती दोष द्यायचा? घरचे यंत्रमाग बंद पडले आहेत. त्याने मापाप्रमाणे माल दिला, आणि माप कंपनीचे आहे. उदाहरणार्थ, यूट्यूबकडे जाहिरातीतला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षभरात ४००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. नियमावली आहेच, पण मोजले जाते ते किती जणांनी किती वेळ पाहिले एवढेच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दाखवणाऱ्या आमच्या बायकाही याच रस्त्याने चार पैसे मिळवतात. त्यांची कमाई बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही.

पैशासाठी माणूस काय लपवू लागतो, हे या देशाने एकदा ओळखले आहे. पैसे घेऊन रक्त देणारा आपला आजार लपवतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. इथे सरसकट बंदीची गरज नाही. मुले पळवण्याच्या, दंगलीच्या, पुराच्या खोट्या बातम्यांवरची कमाई तेवढी थांबवा. हे जमण्यासारखे आहे. कम्युनिटी नोट, म्हणजे वापरणाऱ्यांनीच खाली जोडलेली दुरुस्तीची टीप, लागून दुरुस्त झालेल्या पोस्टला कमाईत वाटा मिळणार नाही, असे एक्सने (पूर्वीचे ट्विटर) ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केले. तोच नियम सर्व कंपन्यांना कायद्याने लावा, आणि दिलेले पैसे पुढच्या हप्त्यातून वळते करायला सांगा.

पण केवळ पोराचा वाटा कापून भागणार नाही. यूट्यूब लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला देते, बाकीचे स्वतःकडे ठेवते. खोट्या व्हिडिओवरचा कंपनीचा वाटाही काढून घेतला पाहिजे. तो हातचा जातो म्हटल्यावरच कंपनी मराठी, तेलुगू, कन्नड समजणारी माणसे तपासणीला बसवेल.

खोटे काय, हे मात्र सरकारने एकट्याने ठरवू नये. सरकारच्या कामाबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचे, ही तुमच्या मंत्रालयाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ते योग्यच झाले. निर्णय स्वतंत्र मंडळाकडे द्या आणि त्यावर अपिलाची सोय ठेवा.

आणखी एक. जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे हे दिसले पाहिजे, असे माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांत आहे. तसेच ज्या पोस्टवर कमाई चालू आहे, तिच्यावर तसे मराठीत लिहिलेले दिसू द्या.

नियमांचा मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा, आणि आमच्या शहरात तेलुगू व कन्नड बोलणारे खूप आहेत, त्यांच्याही भाषेत. हरकती पोस्टाने स्वीकारा. विडी कामगारांच्या वसाहतीत फिरून त्या लिहून घ्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर