गडवाटांवरच्या पाट्यांना कुणीतरी वाली द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढातली गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या एका गडावरून भाच्याला घेऊन उतरत होतो. गडाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुठल्याही गडावर घडू शकते. चारच्या सुमारास धुके उतरले. सोंडेवर जिथे वाट फुटते तिथे एक लोखंडी खांब होता, त्यावर दोन पाट्या. एकीचा वरचा बोल्ट निघाल्याने ती लोंबकळत होती आणि तिच्यावरचा बाण जमिनीकडे वळला होता. दुसरीवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स तारेने आवळून बांधलेला. शेजारच्या कातळावर मात्र लाल रंगाचा ठसठशीत बाण दिसला, म्हणून त्या अंगाला निघालो. पुढे बाण संपले, ढोरवाटा सुरू झाल्या आणि वीसेक मिनिटांनी कारवीतून बाहेर पडलो तो समोर थेट घळ. नंतर गावात कळले की तो बाण आदल्या वर्षीच्या एका धावण्याच्या शर्यतीसाठी मारला होता. शर्यत संपली, बाण राहिला.

फोनला जेमतेम रेंज होती. डोंगरात बचावकार्य करणाऱ्या एका मित्राला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कुठे आहेस?" मी काय सांगणार? मोठा खडक आहे, शेजारी उंबर आहे. त्या उतारावर असे पन्नास खडक असतील. शेवटी गुरे घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी आमच्या हाका ऐकल्या आणि वाटेला लावून दिले, म्हणून निभावले.

गडावर पाट्या नव्हत्या असे मी म्हणू शकत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मी त्या दिवशी पाच वेगवेगळ्या रंगांच्या पाट्या पाहिल्या. पायथ्याची पाटी माथा दोन किलोमीटरवर असल्याचे सांगते, तर अर्धा तास चढल्यावर भेटणारी साडेतीन किलोमीटर सांगते. पाटी लावण्याचा उत्साह सगळ्यांना आहे. ती लावल्यानंतर तिच्याकडे पाहणारे कुणीच नाही, हे खरे दुखणे आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. वास्तू पुरातत्त्व खात्याची, उतारावरचे जंगल वन खात्याचे, पायथ्याचा वाहनतळ गावाचा. त्यात हौशी संस्था आणि ट्रेकचे गट आपापले बाण रंगवतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकावरची निळी पाटी आपल्याला सांगते की वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते सांगायलाच हवे. पण कोणत्या टाक्यातले पाणी पिण्याचे, कोणत्या कड्यावर आग्या मोहोळ आहे म्हणून धूर करायचा नाही, अंधारापूर्वी उतरायचे तर किती वाजता परत फिरावे, हे त्याच ठिकाणी कुणी सांगायचे?

रस्त्यावर आपण हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्रिकोणी पाटी म्हणजे पुढे धोका, हे गडचिरोलीतही तेच आणि कोल्हापुरातही तेच. पिवळ्या माथ्याचा दगड दिसला की राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा दिसला की राज्य महामार्ग. रेल्वेचे उदाहरण तर मला फार मोलाचे वाटते. विजेच्या तारा पेलणाऱ्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो. बोरघाटात कुठे बिघाड झाला तर कर्मचारी तो आकडा कळवतो आणि मदत नेमकी तिथे पोहोचते. असा एक आकडा त्या संध्याकाळी माझ्यासमोरच्या खांबावर असता, तर मित्राच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले असते.

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५ हजार किलोमीटरच्या पायवाटांना देशभर एकच खूण आहे. साध्या वाटेला पिवळी, डोंगरी वाटेला पांढरी-लाल-पांढरी, दोर आणि अनुभव लागणाऱ्या वाटेला पांढरी-निळी-पांढरी. पाटीवर जागेचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असते, आणि पुढच्या ठिकाणाला लागणारा वेळ असतो. आपल्या चढणीवर किलोमीटरला तसाही काही अर्थ नाही, वेळच सांगायला हवा. राजगडाला गुंजवण्याहून चोर दरवाजाने जाणे आणि पाली दरवाजाने जाणे यांत फार फरक आहे. पहिली वाट खड्या चढणीची आणि कातळातून, रेलिंग धरून जायची. दुसरी पायऱ्यांची, लेकराबाळांना आणि वयस्कर माणसांना झेपणारी. रंगाची एक खूण असती तर गाडी लावल्या लावल्या नवख्या माणसाला हे कळले असते.

११ जुलै २०२५ रोजी आपले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अभिमानाने ऊर भरून आला. पण त्यातले रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या ताब्यात, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या. म्हणजे एकाच यादीतल्या किल्ल्यांवर दोन सरकारांच्या पाट्या लागणार. आता तरी सगळ्यांनी एकत्र बसून एक नमुना ठरवावा. मराठी ठळक, खाली हिंदी आणि इंग्रजी, आणि धोक्याच्या सूचनेला चित्र, म्हणजे अक्षर न वाचताही ती कळेल. खांब उतारावर रोवावेत. तटाला भोके पाडून पाट्या ठोकणे आणि जुन्या चिऱ्यांवर बाण रंगवणे ताबडतोब बंद व्हावे. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा, त्याची नोंद पोलीस ठाण्याकडे आणि बचाव पथकांकडे असावी. नवी पाटी लावण्याआधी जुन्या उतरवाव्यात, नाहीतर सहावा रंग तेवढा वाढेल.

आणि देखभालीचे पैसे पायथ्याच्या गावातल्या मुलांना रीतसर द्यावेत. कुठला खांब म्हशीने अंग घासून वाकवला, कुठला वाऱ्याने फिरला, हे त्यांना आधीच ठाऊक असते. पाऊस सुरू होण्याआधी एक फेरी आणि दिवाळीनंतर एक, एवढेच काम आहे.

परवाच्या रविवारी त्याच गडावर पुन्हा गेलो. फ्लेक्स निघाला आहे. लोंबकळणारी पाटी तशीच होती. सोबत पाना नेला होता, बोल्ट घालून ती सरळ केली आणि भाच्याने कापडाने पुसली. पावसाळा तोंडावर आहे, तोवर ती टिकेल असे वाटत नाही.

आपला,
एक गडप्रेमी वाचक, पुणे