आई-बाबांना पत्र: टायर घेण्याआधी तारीख वाचा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, टायरला नक्षी अजून भरपूर आहे, दोन-तीन वर्षं सहज निघतील. आणि बदलायचेच झाले तर तालुक्याला एकजण स्वस्तात चारही बसवून देतो. दोन्ही गोष्टींनी मला काळजी वाटली. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच. दुकानात तुझी नजर जास्त चौकस असते.

आपल्या गाडीचा टायर झिजून संपणार नाही, वाळून संपणार आहे. तुमचं फिरणं म्हणजे बाजार, दवाखाना, शेत आणि लग्नकार्य, वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर. एवढ्याने नक्षी दहा वर्षांतही पुरती झिजत नाही. पण रबराचं वय गाडी उभी असतानाही वाढतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. त्यापासून वाचवायला कंपनी रबरात मेणासारखे पदार्थ मिसळते. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा हे पदार्थ पृष्ठभागावर येतात. महिना महिना टिनाच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीत ते घडत नाही. म्हणून कमी चाललेल्या गाडीच्या टायरला बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा लवकर पडतात. असा टायर वरून भरलेला दिसतो, पण ओल्या रस्त्यावर घसरतो. आत रबर आणि तारांची पकडही सैल होत जाते.

तर आधी तारीख वाचा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. 2219 असेल तर टायर 2019 च्या बाविसाव्या आठवड्यात, म्हणजे मेअखेरीस बनला. हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला गेलेली असू शकते. बाहेरून दिसले नाहीत तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या आत बॅटरी मारून बघा. मागच्या चाकांसाठी खाली वाकावं लागेल. बाबांच्या कमरेला ते नको, शेजारच्या पोराला सांगा. स्टेपनीची तारीखही वाचा. तिची नक्षी कोरी असते म्हणून कोणी बघत नाही, पण वय तिचंही तेवढंच असतं.

कितीतरी गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द धरतात. आपल्याकडच्या उन्हात मी दहाची वाट बघणार नाही. आपली गाडी 2019 ची आणि टायर तेव्हाचेच, म्हणजे वेळ झालेली आहे.

आता घ्यायचे कोणते. माप ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चौकटीवरच्या फलकावर असतं. आपल्या वॅगनआरचं 165/70 आर 14, पुढे 81 एस. 165 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, 70 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल, 14 म्हणजे रिमचे इंच. यातला 81 कोणी वाचत नाही, आणि फसवणूक तिथेच होते. 81 म्हणजे एक टायर 462 किलो पेलतो. 155/65 आर 14 हा टायरही 14 इंची रिमचाच आहे आणि स्वस्त पडतो, म्हणून ‘हाच बसतो’ असं सांगून तो गळ्यात मारला जाऊ शकतो. त्यावर 75 लिहिलेलं असेल तर तो 387 किलोच पेलतो. एका टायरमागे 75 किलो, चौघांत 300 किलो ताकद कमी. शिवाय गाडी जमिनीपासून जवळजवळ दीड सेंटीमीटर खाली येते, म्हणजे पांदणीच्या मधल्या उंचवट्याला घासणार. चार माणसं आणि डिकीत तुरीची दोन पोती घेऊन जाताना हा फरक मागच्या टायरवर पडतो. शेवटचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत. फलकावर आहे त्याहून कमी आकडा किंवा खालचं अक्षर घेऊ नका.

आयएसआयचं चिन्ह आणि त्यासोबत आयएस 15633 हा क्रमांक भिंतीवर कोरलेला असायला हवा. प्रवासी गाड्यांच्या टायरचं ते भारतीय मानक आहे. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, यांपैकी कोणताही चालेल. कंपनीवरून वाद घालण्यापेक्षा तारीख ताजी आहे का ते बघा. सहा-आठ महिन्यांच्या आतला टायर मिळतो, मागून घ्या. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तर त्याच्या आयुष्यातली तीन वर्षं तुम्ही विकत घेतलीच नाहीत. बाहेरदेशातून येणाऱ्या टायरवर 2020 च्या जूनपासून निर्बंध आहेत, त्यामुळे अनोळखी नावाचा ‘इम्पोर्टेड’ टायर स्वस्तात दिसला तर तो किती जुना आहे हे तारखेवरून आधी तपासा.

तालुक्याच्या दुकानातल्या स्वस्त टायरचे तीन प्रकार संभवतात.

एक, शहरातून काढून आणलेला सेकंडहँड. काळं पॉलिश मारून तो नव्यासारखा चमकतो. आतून बघितल्याशिवाय कधी घेऊ नये: आतल्या अंगाला काळपट पट्टा किंवा रबराचा भुगा दिसला, तर तो टायर हवा कमी असताना चाललेला आहे, त्याची भिंत आतून चुरगळलेली आहे.

दुसरा कटिंग मारलेला, म्हणजे गुळगुळीत टायरवर गरम पात्याने खाचा पाडलेला. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडव्या रबरी पट्ट्या असतात, त्यांची जागा दाखवायला खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात तिथे, टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो. नक्षी झिजून या पट्ट्यांना टेकली की 1.6 मिलिमीटर खोली उरली, कायद्यानेही तो टायर संपला. कटिंग मारलेल्या टायरमध्ये या पट्ट्या कापून गेलेल्या असतात आणि खाचेचा तळ खरबरीत लागतो. बोट फिरवलं की कळतं. त्या खाचेखाली तारांवर रबराचा पापुद्राच उरलेला असतो.

तिसरा रिमोल्ड. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेली. ट्रकला हे चालतं, कारण ट्रकचा सांगाडा पुन्हा रबर चढवण्याच्या हिशेबाने बनवतात. गाडीला नको. खांद्याजवळ गोल फिरलेली जोडाची रेघ दिसते, आणि नक्षीचं रबर व भिंतीचं रबर रंगाने वेगळं वाटतं.

यातला कोणताही घेऊन टायरमागे हजार-पंधराशे वाचतील. गाडीचा आणि रस्त्याचा संबंध फक्त चार तळहातांएवढ्या जागेत येतो. ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबते ती तेवढ्यावरच. कारंज्याहून समृद्धी महामार्गावर चढलात की गाड्यांची वेगमर्यादा 120 आहे, बाबा 80 ने चालवत असले तरी.

बिल जीएसटीचंच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. कोणी जुना दर लावत असेल तर विचारा. (बाबा, ट्रॅक्टरच्या टायरवर तर तो 5 टक्केच झालाय.) बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. बनावटीत दोष निघाला तर कंपनी बिलाशिवाय बोलत नाही.

बसवताना समोर उभे राहा. रबरी वॉल्व्ह चारही नवे टाकायला सांगा, जुना वॉल्व्ह मुळाशी चिरतो आणि नवा टायर हळूहळू बसतो. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं) दोन्ही करा. भिंतीवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा, आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर. चारही एकदम बदलणार आहात म्हणून बरं. पुढेमागे दोनच बदलायची वेळ आली तर नवे टायर मागे टाका. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असते म्हणून. पण पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की हातात येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, ती सावरणं कठीण. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, साच्यातून काढताना लागलेला बुळबुळीत थर तेवढ्यात निघतो. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या.

आता हवेचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण चांगला टायरही इथेच मरतो.

उन्हाळ्यात हवा गरम होऊन टायर फुटतो, म्हणून तीन-चार पॉइंट (पीएसआय) कमी ठेवावी, हे आपल्याकडे सगळे सांगतात. हे उलटं आहे. टायर फुटतो तो मुख्यतः हवा कमी असल्याने. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, वाकते, सरळ होते. तार वारंवार वाकवली की जशी गरम होऊन तुटते, तसंच. या वाकण्याने रबर आतून तापतं, तारा आणि रबर सुटे होतात, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर, तासाभराने, टायर उडतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खालचं काँक्रीट तापलेलं असतं, त्यात ही आतली उष्णता मिसळते.

हिशेब बघा. फलकावर 33 लिहिलं असेल आणि सकाळी 30 अंशांवर तुम्ही 33 भरली, तर दुपारी आतली हवा 60 अंशांपर्यंत तापून मीटर 37-38 दाखवेल. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. तुम्ही घाबरून पंपावर ती 33 वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये 28-29 च उरेल. म्हणजे फुटू नये म्हणून केलेल्या उपायानेच फुटायची तयारी झाली.

म्हणून हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची. दर पंधरा दिवसांनी, आणि लांब जायच्या आदल्या दिवशी. मी सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप पाठवते आहे; हवा पाहिजे तितका आकडा लावला की तो आपोआप थांबतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावीच लागते, पण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. फलकावर भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा असेल तर पोती नेताना तो भरा. टायरच्या भिंतीवर कोरलेला 44 किंवा 51 हा आकडा कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. स्टेपनीत दोन-तीन पॉइंट जास्त ठेवा.

शेतात जाताना दोन गोष्टी. तूर कापल्यावर धुऱ्यावर तिरपी धसकटं उरतात, ती सुरीसारखी असतात आणि नेमकी भिंतीत घुसतात. नक्षीत शिरलेल्या बाभळीच्या काट्याला इलाज आहे, भिंतीच्या छिद्राला नाही. कोणी पट्टी घालून देतो म्हणाला तरी घालू नका. नक्षीतलं सहा मिलिमीटरपर्यंतचं छिद्रच दुरुस्त होतं, आणि बाहेरून घातलेली पट्टी गावापर्यंत पोहोचण्यापुरती. लांब जाण्याआधी टायर काढून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं, दांडी छिद्रात बसणारं रबरी ठिगळ) लावून घ्या. काटा तुटून आत राहिला तर ट्यूबलेसमधली हवा दोन-चार दिवसांत हळूच जाते. पंधरवड्याच्या मोजणीत एकच टायर कमी दिसला तर काटाच समजा. खड्ड्यात जोरात आदळल्यावर भिंतीवर फुगा आला तर आतले धागे तुटलेत. तो टायर त्याच दिवशी काढा.

सालदार गाडी धुताना टायरवर डिझेल किंवा काळं तेल पुसतो, ते बंद करा. चमक येते, पण रबर फुगून मऊ पडतं. साबणपाणी पुरे. गाडी नुसतीच उभी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा, आणि उन्हाच्या बाजूची चाकं गोणपाटाने झाका.

रस्त्यात टायर फुटलाच तर बाबा, ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावली की कडेला घ्या. स्टेपनी बदलताना नट जॅक लावायच्या आधी ढिले करायचे, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा, आणि काळ्या मातीत जॅक धसतो म्हणून त्याखाली लाकडाची जाड फळी घ्यायची. डिकीत एक टाकूनच ठेवा. समृद्धीवर मात्र स्वतः बदलायला बसू नका. आईला घेऊन कठड्यापलीकडे उभे राहा आणि मदतीला फोन करा.

उद्या सकाळी पाचही चाकांवरचे चार-चार आकडे कागदावर लिहून काढा आणि मला फोनवर वाचून दाखवा. दुकानात जाल त्या दिवशीही, टायर रिमवर चढवण्याआधी, नव्यांच्या तारखेचे फोटो पाठवा. मी बघून हो म्हटल्यावरच पैसे द्या.

तुमची,
लेक