म्हापशाच्या फ्रेमवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पणजीच्या कलादालनात माझ्या २६ निसर्गचित्रांचे नवे प्रदर्शन भरले, त्याच्या उद्घाटनाला तुम्हांला येता आले नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली असताना तुमच्या दुकानात देवांच्या तसबिरींची किती गर्दी असते, हे मी जाणते. त्या संध्याकाळी चार लोकांसमोर जे बोलायचे होते, ते या पत्रातून सर्वांसमोर सांगते.

मी कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नाही. बँकेची नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी रायबंदरहून फेरीने चोडणला जायचे आणि खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेताच्या, बांधावर बसून जलरंगांत काम करायचे, एवढाच माझा अभ्यास. चार वर्षांपूर्वी दोन चित्रांवर तपकिरी ठिपके उठले म्हणून ती तुमच्याकडे आणली, तेव्हा मागचा पुठ्ठा काढून तुम्ही मला बुरशी दाखवलीत. कागद थेट काचेला टेकलेला होता आणि पावसाळाभर काचेमागे कोंडलेला दमटपणा त्यात मुरत राहिला होता. चित्र आणि काच यांच्यात माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, जाडीइतकी हवा खेळली पाहिजे, माउंट आम्लरहित हवे, फ्रेमला मागून बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून सुटी ठेवावी, हे सगळे समजावत तुम्ही दोन्ही चित्रे नव्याने बसवून दिलीत आणि पैसे घेतले नाहीत.

त्याहून मोठे ऋण मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, चित्राचे आहे. त्यात मी आभाळ, माड, बांध, पाणी, सारेच भरले होते. तुम्ही माउंटच्या उरलेल्या पट्ट्यांचे दोन काटकोन चित्रावर ठेवलेत आणि ते हळूहळू आत सरकवलेत. आभाळ गेले, माड गेले, आणि भरतीचे खारे पाणी अडवून ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारी ती लाकडी दारे तेवढी उरली. “तू तिथे बसलीस ती काय बघायला?” असे तुम्ही विचारलेत. उत्तर समोरच होते. पुढे तुमच्याच सांगण्यावरून, चित्राच्या कडा कुठे येतात एवढेच पाहण्यासाठी, सांग्यात जन्मलेले चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत जाऊन पाहिली. ते काटकोन आजही माझ्या रंगांच्या पिशवीत असतात.

या प्रदर्शनात ९ चित्रे मानशींची होती. चोडणचे एक वयस्कर शेतकरी त्यांतल्या एकीसमोर बराच वेळ थांबले आणि दाराची कोणती फळी अलीकडे बदलली, ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. त्या क्षणी तुम्ही तिथे असायला हवे होतात, असे फार वाटले.

मानशीचे ते पहिले, भरगच्च चित्र मी भिंतीवर लावले नव्हते. काटकोनांभोवती तुम्ही पेन्सिलीने केलेल्या चार बारीक खुणा त्यावर तशाच आहेत. ते तुमच्यासाठी ठेवले आहे. चवथ झाली की घेऊन येते. फ्रेम मात्र तुम्हांलाच करावी लागेल.

आपली कृतज्ञ,
चोडणच्या बांधावरची चित्रकर्ती